पायाखालचा दुसरा संशयित : सेमिनरी हिल्स परिसरातील भूशास्त्र फेरी

नागपुरातील एका लहानशा गटाने आखलेल्या भूशास्त्र फेरीत गेल्या रविवारी सहभागी झालो. माणशी ४०० रुपयांत साडेतीन तासांची पायपीट, एक माहितीपत्रक आणि शेवटी तर्री-पोहे मिळतात. विषय होता, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर कशामुळे नष्ट झाले.

मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील, लघुग्रह आदळून पडलेले सुमारे १८० किलोमीटर व्यासाचे विवर आणि लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनी १९८० मध्ये पुढे आणलेला इरिडियमचा (पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ, पण लघुग्रहांत जास्त आढळणाऱ्या धातूचा) पुरावा मार्गदर्शकांनी पहिल्या अर्ध्या तासातच सांगून टाकला, मग पायाखालच्या काळ्या दगडाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “आता दुसरा संशयित पाहू.” ज्या बेसाल्टची गिट्टी आपण रस्त्यांवर पसरतो, तो दख्खनच्या लाव्हाचा आहे, हा लाव्हा त्याच सुमारास वाहत होता आणि त्याची पूर्वेकडील कड नागपूरलाच संपते, हे येथे जन्म काढूनही मला ठाऊक नव्हते. टाकळीचा भाग तर फारच रंगला. दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख सापडतात, म्हणजे एक थर निवल्यावर तेथे तळी साचली, जीव नांदले आणि मग पुढचा लाव्हा आला. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्याकडे आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी हे जीवाश्म एकोणिसाव्या शतकातच अभ्यासले होते. मार्गदर्शकांनी आणलेला तसा एक शंख हातात घेता आला, तेव्हा लहान मुलेही गप्प झाली.

माहितीपत्रकाविषयी मात्र तक्रार आहे. त्यात पृथ्वीवरील बहुसंख्य सजीव प्रजाती संपवणाऱ्या पाचही महाविनाशांशेजारी उल्केचे चित्र छापले आहे. वास्तविक आघाताचा भक्कम पुरावा डायनासोरांच्या या एकाच विनाशाला आहे. २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या सर्वांत भीषण विनाशाचा ठपका प्रामुख्याने सायबेरियातील लाव्हावर ठेवला जातो. उलट सायबेरियातच पोपिगाय येथे सुमारे १०० किलोमीटरचे विवर असूनही त्याच्याशी कोणताही महाविनाश जोडलेला नाही. आघात कोणत्या खडकावर झाला, यावरही बरेच अवलंबून असते. चिक्शुलूबला जिप्सम या गंधकयुक्त खनिजाचे थर उडाल्याने गंधकयुक्त धुके पसरले आणि पृथ्वी गारठली. हे सारे मार्गदर्शकांनी विचारल्यावर नीट समजावले, परंतु घरी जातो तो कागद.

उन्हाळ्यात सकाळी सहाची तुकडी घ्यावी, पाणी स्वतःचे न्यावे. मुलाला पुढच्या महिन्यात पुन्हा पाठवणार आहे, पत्रकावरील चार उल्का खोडूनच.