अल्सरचं ऑपरेशन: छिद्र बुजवायचं, नस कापायची की जठर?

अल्सर आता बहुतेक गोळ्यांनीच भरतो. ऑपरेशनची वेळ येते ती अल्सर फुटला, रक्तस्राव दुर्बिणीनं थांबला नाही, किंवा जठराचं खालचं तोंड आवळून सकाळची भाकर संध्याकाळी उलटून पडू लागली तर.

फुटलेल्या अल्सरवर सहसा पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा ठेवून टाके घालतात. जठर शाबूत राहतं, पुढे खाण्यापिण्याचा त्रास जवळपास नाही. पण मूळ कारण तसंच राहतं. हाँगकाँगमधल्या 2000 सालच्या अभ्यासात हेलिकोबॅक्टर (अल्सर करणारा) जंतू असलेल्यांपैकी फक्त ॲसिडची गोळी घेतलेल्या 38 टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा अल्सर होता. अँटिबायोटिकचा कोर्स घेतलेल्यांत तो 5 टक्के होता. म्हणून टाके निघाले की सुटलो, असं समजू नका. 14 दिवसांचा कोर्स पुरा करा आणि जंतू गेला का ते किमान चार आठवड्यांनी तपासा. कापूस वेचणीच्या दिवसांत कंबरदुखीसाठी घेतलेली डायक्लोफिनॅक आणि रोजचा खर्रा, दोन्ही बंद.

जठराला ॲसिड बनवायला लावणारी व्हेगस नस कापून जठर आतड्याला जोडलं, तर अल्सर शंभरात साधारण दहा जणांना उलटतो. काहींना जुलाब चिकटतात.

नस कापून जठराचा खालचा भाग काढला, तर उलटण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन. किंमत मात्र आयुष्यभराची. रिकाम्या पोटी गोड चहा घेतला की अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा. कधी दोन तासांनी साखर उतरून हातपाय थरथरतात. थोडं थोडं सहा वेळा खावं, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं प्यावं. संत्र्याच्या पट्ट्यात हे विशेष सांगावं लागतं: फोडी सालपटासकट गिळल्या तर चोथ्याचा गोळा होऊन आतडं तुंबतं. चोथा थुंकावा, नाहीतर रस प्यावा, तोही जेवणासोबत थोडाच. लोह आणि बी-12 हळूहळू घटतात. थकवा वावरातल्या कामाचा समजून वर्षं निघून जातात. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि बी-12 तपासा. उरलेल्या जठरात कर्करोगाचा धोका 15-20 वर्षांनी वाढतो, तेव्हा नवी भूकमोड झाली किंवा वजन घटलं तर दुर्बीण टाळू नका.

तोंड आवळलं असेल, तर आधी तुकडा तपासून कर्करोग नाही याची खात्री करा, मग फुग्यानं रुंद करणं आणि कोर्स यांना संधी द्या. जमलं नाही तर जोडणी. जठर कापणं आमच्या मते शेवटी, आणि तेही दरवर्षी तपासणीला येणं जमत असेल तरच.