व्हिटबी आणि रॉबिन हूड्स बे: जळगावकरांनी जावं का? ५ पैकी ४

मुलगी इंग्लंडमध्ये लीड्सला असते, तिच्याकडून यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या या दोन गावांना जूनमध्ये तीन दिवस गेलो होतो. आपलं मे महिन्याचं ऊन सोसून त्या गार वाऱ्यात उभं राहिलो ना, जीवच निवला, पण स्वेटर न्याच. व्हिटबीला १९९ पायऱ्या आहेत, आई थांबत थांबत चढल्या, वर ६५७ साली स्थापन झालेल्या ख्रिस्ती मठाचे अवशेष आणि खाली बंदर, लाल कौलं, सगळं एका नजरेत दिसतं, तिथून हलावंसंच वाटेना.

आता महत्त्वाचं, शाकाहारी लोकांनी नीट वाचा! यॉर्कशायरमध्ये बऱ्याच दुकानांत फिश अँड चिप्स गाईच्या चरबीत तळतात, म्हणजे नुसते बटाट्याचे चिप्स घेतले तरी तेच. आम्हाला एका दुकानात कोणी सांगितलं नाही, अर्धे खाऊन झाल्यावर कळलं, आई दिवसभर जेवल्या नाहीत, एक स्टार त्याचाच कापला. आधी विचारा, तेलात तळणारेही मिळतात. तेव्हापासून पिशवीत कळण्याच्या पिठाच्या पुऱ्या आणि चटणी ठेवली.

रॉबिन हूड्स बेला गाडी वरच लावावी लागते, उतार भयंकर आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करावा. भरती-ओहोटीची वेळ बघूनच खडकांवर जा, पाणी फार पटकन येतं.