क्रॅपीसाठी बॉबर: फिक्स्ड घ्यावा की स्लिप?

मार्च संपत आला की आमच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी-मॉरिसव्हिलकडच्या मंडळींपैकी कोणीतरी विचारतंच, जवळच्या जॉर्डन लेकवर क्रॅपी (गोड्या पाण्यातला मासा) धरायला कुठला बॉबर, म्हणजे बोया, घेऊ, तंगुसाला (गळाच्या नायलॉन दोरीला) चिमटा मारायचा तो साधा फिक्स्ड की मधून तंगूस सरकतो तो स्लिप. मी आधी तीन सीझन फिक्स्डवर काढले आणि मग स्लिपवर आलो, त्यामुळे सांगतो. पण मी काठावरून टाकणारा माणूस, बोट नाही आणि रॉड साडेसहा फुटी, तेव्हा बोटवाल्यांनी हे जरा बेतानेच घ्यावं.

फिक्स्डला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. एप्रिलमध्ये पाणी साठ फॅरनहाइटच्या वर सरकलं की क्रॅपी अंडी घालायला काठाला येतात, झुडपाच्या मुळाशी, बुडालेल्या खोडाला लागून, दोन-तीन फूट पाण्यात. तेव्हा फिक्स्डसारखं सुख नाही. १/३२ औंसाचा जिग (शिशाच्या डोक्याचा, आमिष लावलेला गळ), वर दोन फुटांवर बॉबर, टाकला की तिथल्या तिथे उभा, हलकासा झटका द्यायचा आणि गप्प बसायचं. माझा मुलगा सात वर्षांचा असताना यावरच शिकला. लहानपणी कोकणात आम्ही मोरपिसाच्या दांडीचा बोया बांधायचो, ते तरी दुसरं काय होतं!

भानगड मे महिन्यापासून सुरू होते. अंडी घालून झाली की मासा खोल जातो, पुलाच्या खांबांपाशी नाहीतर राज्याच्या वाइल्डलाइफ कमिशनने मासे जमावेत म्हणून टाकलेल्या फांद्यांच्या ढिगांवर, आठ, दहा, बारा फूट. आणि क्रॅपीचे डोळे वर लागलेले, तो वरचं बघून खातो, खाली पडलेल्याकडे सहसा ढुंकून बघत नाही. म्हणजे आमिष त्याच्या फूटभर वर असलं तरी चालेल पण सहा इंच खाली गेलं की तुम्ही दिवसभर बॉबरकडे बघत बसा.

मग मीही फिक्स्ड नऊ फुटांवर लावला. साडेसहा फुटी रॉडच्या टोकाला नऊ फूट तंगूस लोंबकळतंय आणि मागे पाईनची झाडं, किती जिग त्या झाडांना वाहिले मोजले नाहीत. तेही सोसलं असतं. पण मासा लागल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. रीळ फिरवत आणलात की बॉबर रॉडच्या टोकाला येऊन अडकतो, पुढे गुंडाळता येत नाही, आणि मासा अजून नऊ फूट लांब, खाली दगडांत. रॉड कितीही वर करा, तो काही हातात येत नाही. मग एका हातात रॉड आणि दुसऱ्या हाताने तंगूस ओढायचा, आणि क्रॅपीचं तोंड म्हणजे कागद, जाळी कमी पडली की फाटलंच. एका संध्याकाळी हायवे ६४ च्या पुलाजवळ माझे असे चार मासे पायाशी येऊन गेले, चौथा चांगला हातभर असेल (बायको म्हणते वीतभर). घरी आलो तेव्हा रवा तयार होता आणि मासा नव्हता.

स्लिपमध्ये ही कटकटच नाही. वर तंगुसावर दोऱ्याची गाठ, मग मणी, मग बॉबर, खाली शिशाची गोळी आणि जिग. पाण्यात बॉबर त्या गाठीपाशी अडतो, म्हणजे गाठ जिथे तेवढी खोली. गाठ रॉडच्या कड्यांतून जाऊन रिळावर गुंडाळली जाते, बॉबर खाली गोळीपर्यंत सरकतो, टाकताना दीड फूटच लोंबतं आणि मासा सरळ जाळीपर्यंत येतो. पुराचं पाणी अडवणारा तलाव असल्याने इथे पातळी खालीवर होत राहते, तेव्हा गाठ बोटाने फूटभर सरकवली की काम झालं.

दोष आहेत, नाही असं नाही. १/३२ चा जिग एकटा तंगूस ओढून खाली नेत नाही, शिशाची गोळी लागतेच. वारा असला की तंगुसाला पाण्यावर पोट सुटतं आणि जिग अर्ध्यातच थांबतो, तुम्हाला वाटतं दहा फुटांवर आहे आणि असतो चारवर. टाकल्यावर बॉबर आधी आडवा पडतो आणि वजन पोचलं की उभा राहतो, तो उभा राहिला नाही तर खाली काहीतरी अडकलंय किंवा एखाद्या क्रॅपीने वाटेतच उचललंय, तेव्हा हलका झटका देऊन बघा. नवख्याचा पहिला तास गाठी सोडवण्यात जातो, माझे दोन गेले.

तुम्ही फक्त एप्रिलचे दोन-तीन वीकेंड मुलांना घेऊन जाणार असाल तर मला वाटतं फिक्स्ड पुरे, उगाच खर्च नको. जूनमध्येही जायचं मनात असेल तर मी तरी स्लिपच घेईन, आणि खरं सांगायचं तर आता एप्रिलमध्येही तोच लावतो, गाठ दोन फुटांवर आणून. फक्त गाठीची टोकं अगदी बुडापासून कापू नका, अर्धा इंच ठेवा, आखूड ताठ टोकं कड्यांत अडकतात आणि टाकलेला जिग पायापाशीच पडतो.