सहा प्रश्न की पंचवीस?

जुनाट कंबरदुखी किंवा संधिवात सोसत नोकरी करणाऱ्यांच्या अडचणी मोजण्यासाठी दोन प्रश्नावल्या विशेष वापरल्या जातात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्ल्यूपीएआय’मध्ये (वर्क प्रॉडक्टिव्हिटी अँड ॲक्टिव्हिटी इम्पेअरमेंट) केवळ सहा प्रश्न असून मागील सात दिवसांत दुखण्यामुळे किती तास बुडाले आणि कामावर असताना उत्पादकता किती घटली, हे शून्य ते दहाच्या पट्टीसह विचारले जाते. उत्तरे टक्केवारीत मांडता येत असल्याने बुडालेल्या वेळेचा हिशेब करणाऱ्या कंपनीला ती सोयीची वाटते.

मात्र अंधेरीच्या कार्यालयात एकही रजा न घेता दिवसभर खुर्चीत अवघडून बसणाऱ्या लिपिकाचे नेमके काय अडते, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. तेथे पंचवीस प्रश्नांची ‘डब्ल्यूएलक्यू’ (वर्क लिमिटेशन्स क्वेश्चनेअर) ही दुसरी प्रश्नावली उजवी ठरते, कारण ती वेळेचे नियोजन, शारीरिक श्रम, एकाग्रता व सहकाऱ्यांशी व्यवहार आणि कामाचा उरक हे चार भाग वेगळे पाडते. तिच्या शारीरिक श्रमांच्या भागात प्रश्नांची दिशा उलटी आहे, म्हणजे त्रासाविना किती वेळ काम जमले हे विचारले जाते, आणि घाईत भरणारे येथे चुकू शकतात. म्हणून तो भाग समोर बसून भरून घ्यावा.

विरारहून उभ्याने केलेला लोकलप्रवास मात्र दोन्हींत स्वतंत्रपणे विचारला जात नाही. कामात बदल सुचवायचे असतील तर मी ‘डब्ल्यूएलक्यू’ निवडेन आणि प्रवासाचा प्रश्न वेगळा जोडेन.