ग्रामीण रुग्णालयातला समुपदेशन कक्ष : बायांनो, इथे जरूर जा

मी यवतमाळ जिल्ह्यात आशा म्हणून काम करते. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बायांसाठी समुपदेशन कक्ष आहे, पण गावात तो कितीतरी जणींना माहीतच नाही, म्हणून लिहिते आहे.

डोकं दुखते, पाठ धरते, झोप लागत नाही असं सांगत बाया ओपीडीत येतात आणि गोळ्या घेऊन कापूस वेचणीला परततात. घरी कोणी मारतं का, हे त्या गर्दीत कोण विचारणार? इथल्या समुपदेशन करणाऱ्या ताई विचारतात.

मी एकीला घेऊन गेले होते. वय तिशीतलं, गोळ्या सुरू असूनही बीपी उतरत नव्हता. ताईंनी सोबतच्या सासूला आधी शुगर तपासायला पाठवलं, दाराला कडी लावली, खुर्ची टेबलाच्या अलीकडे ओढून तिच्या बाजूला बसल्या आणि मग विचारलं. ती बराच वेळ पदर पिळत राहिली. मग म्हणाली, "काय सांगू ताई, रोजचंच आहे थे." ताईंचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "तवा लेकरं कुठी असतात?" "घरातच. जातीन कुठी?"

हा प्रश्न का, ते ताईंनी मला नंतर सांगितलं. अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांनी 9,508 मोठ्या माणसांना त्यांच्या लहानपणाबद्दल विचारलं आणि 1998 मध्ये निष्कर्ष छापले. ही विमा असलेली, नियमित तपासणीला येणारी माणसं होती. लहानपणच्या त्रासाचे सात प्रकार धरले होते, त्यात आईला मार खाताना पाहणं हा एक वेगळा प्रकार. चार किंवा जास्त प्रकार सोसलेल्यांमध्ये दारूचं व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका काहीच न सोसलेल्यांपेक्षा 4 ते 12 पट निघाला. हृदयरोग, कॅन्सर, फुप्फुसाचे आजारही जास्त. धोका वाढतो, म्हणजे लेकराचं नशीब ठरलं असं नाही, हेही ताईंनी निक्षून सांगितलं. तेव्हापासून गृहभेटीत कोपऱ्यात गप्प बसलेलं पोर दिसलं की मी आधी त्याच्याशी बोलते.

निघताना ताईंनी गोळ्यांच्या पाकिटावर 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला, कशाचा ते न लिहिता. पाकीट नवऱ्याच्या हाती लागलं तरी काही कळू नये म्हणून. इतका विचार करणारं माणूस सरकारी दवाखान्यात आहे, याचं मला फार मोल वाटतं.

जागा मात्र चुकीची दिली आहे. कक्ष ड्रेसिंग रूमला लागून आहे, बाहेरच्या बाकावर गावातलंच कोणीतरी बसलेलं असतं. ताई फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. कक्षातल्या अर्जाची भाषा इतकी कचेरीची, की मला वाचून समजवावं लागलं. आठवड्यात तिसरा दिवस आणि मागच्या बाजूने दार, एवढं तरी व्हायलाच पाहिजे.

जायचं असेल तर दहाच्या आत पोचा, नंतर ओपीडीची रांग लागते. खिडकीवर कारण सांगायची गरज नाही, "समुपदेशन" म्हटलं की केसपेपर मिळतो. पोलिसात तक्रार केलेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत, 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा तसं सांगतो. इतर दिवशी 181 लावा. मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत.