महालातलं बाइंडिंग: शिलाई पक्की, पण समास गेला

माहेर वसईचं, सासर नागपुरातल्या अजनीचं. आजीकडून आलेली संत गोन्सालो गार्सियांच्या चरित्राची मराठी पुस्तिका पार खिळखिळी झाली होती, म्हणून नागपूरच्याच महाल भागातल्या एका बाइंडरकडे, भाऊंकडे, दिली. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणूस भला आहे.

पुस्तिका हातात घेऊन भाऊंनी विचारलं, “वसई म्हणजे चिमाजी अप्पांची ना?” म्हटलं, हो, पण ती लढाई १७३९ची. आमचे गोन्सालो त्याच्या १४२ वर्षं आधीच गेले. आई वसईची, बाप पोर्तुगीज. जपानी इतकं चांगलं यायचं की १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कन या ख्रिस्ती संघाचे लोक जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे निघाले, तेव्हा दुभाषी म्हणून यांनाच नेलं.

तीन दिवसांचा वायदा, पुस्तक मिळालं आठव्या दिवशी. ते चालायचंच. रात्री वाचायला घेतलं तर नागासाकीत क्रुसावर गेलेला माणूस पुढच्या पानावर व्यापार सोडून मनिलात फ्रान्सिस्कन होतोय! पानांचे आकडे कसरीने खाल्लेले, त्यामुळे एक फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा जुडगा, मागेपुढे शिवला गेला होता. सकाळी नेऊन दाखवलं. भाऊ म्हणाले, “बापा! हा तर मरून पुन्हा उठला.” म्हटलं, आमच्यात तसे उठलेले एकच, ते हे नव्हेत.

मग स्टुलावर बसून क्रम सांगितला. आधी जपानात जेझुइट या दुसऱ्या ख्रिस्ती संघासोबत, मग व्यापार, मग मनिला, परत जपान. क्योटोत डाव्या कानाचा तुकडा कापला, तिथून भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत धिंड, आणि ५ फेब्रुवारी १५९७ला आणखी २५ जणांसोबत क्रूस. कानाचं ऐकून भाऊंच्या हातातली सुई थांबली.

जादा पैसे न घेता उसवून पुन्हा शिवून दिलं. पिना नाहीत, दोऱ्याची शिलाई, खळीत मोरचूद, वर मरून रेक्झिन. १८० रुपये. पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं तर सपाट राहतं, मिटत नाही.

राग एकाच गोष्टीचा. कडा सारख्या करताना समास फार कापला. १८६२मध्ये संतपद जाहीर झालं त्या मजकुराशेजारी, डाव्या हाताच्या पानावर, आजीने पेन्सिलीने काहीतरी लिहिलं होतं. आता उरलंय फक्त ‘ला सांगायचं’. कोणाला, ते कटिंग मशीनखाली गेलं. जुनं पुस्तक देणार असाल तर ‘कडा कापू नका’ असं आधीच बजावा. आजीचं प्रार्थनेचं पुस्तक उद्या तिथेच नेतेय, पण या वेळी समोर बसून राहणार.