पडदा वीस फुटी, आवाज वरातीचा : गावात सिनेमा दाखवण्याच्या पॅकेजचं परीक्षण

मराठवाड्यात तालुक्याच्या गावी मंडप-साउंडवाल्यांकडे 'सिनेमा पॅकेज' मागितलं की साधारण एकच यादी समोर येते : वीस फुटी पडदा, प्रोजेक्टर, दोन टॉप (बोलणं-गाणं ऐकवणारे स्पीकर), दोन बेस (दणका देणारे मोठे खोके), जनरेटर, सतरंज्या आणि एक ऑपरेटर. घेणारे म्हणजे जयंती मंडळ, शाळा, ग्रामपंचायत, कधी सप्ताह कमिटी. 'चांगला सामाजिक पिक्चर दाखवा' एवढीच त्यांची अपेक्षा असते. सिनेमा समाज घडवतो की बिघडवतो यावर स्टेजवरून भाषणं होतात. पण तो गावकऱ्यांच्या कानापर्यंत पोचला का, हे कोणी तपासत नाही. हे परीक्षण त्याच अंगाने आहे.

आधी चित्र. पॅकेजमधली ही सगळ्यात बरी बाजू. २० फूट रुंद पडद्याची उंची सव्वाअकरा फूट, म्हणजे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. त्यावर ५,००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप) प्रोजेक्टर असेल तर अंधारात चित्र झकास दिसतं. ३,००० ल्युमेनचा शाळा-ऑफिसातला प्रोजेक्टर आणून ठेवला तर हायमास्टच्या उजेडात रात्रीचे प्रसंग राखेसारखे दिसतात. ठरवताना कंपनीचं नाव विचारू नका, ल्युमेन विचारा. ३,०००चाच मिळत असेल तर पडदा १२ फुटी घ्या आणि माणसं पुढे बसवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून ५ फुटांवर हवी. नाहीतर पुढच्या रांगेतल्या डोक्यांच्या सावल्याच जास्त दिसतात. हवा भरून उभा राहणारा पडदा पाहायला छान, पण त्याचा ब्लोअर सतत चालावा लागतो. जनरेटर बंद पडला की पडदाही मान टाकतो. त्यापेक्षा लोखंडी पाइपची चौकट आणि चारही बाजूंना ताण दिलेले दोर बरे. उन्हाळ्यात वावटळ उठते तेव्हा वीस फुटी कापड शिडासारखं फुगतं, म्हणून मागचे दोर पुढच्यांपेक्षा जास्त लांबवर ठोका.

आवाज मात्र नापास. सामान वरातीचं, आणि ऑपरेटरचा हातही वरातीचा. तक्रार आवाज कमी असल्याची नाही. नवा सिनेमा ५.१ आवाजात, म्हणजे सहा वेगळ्या चॅनलमध्ये, मिसळलेला असतो : संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर, संगीत आणि भोवतालचा गलका डाव्या-उजव्या बाजूला. लॅपटॉपमधून मिक्सरला जातात दोनच वायरी. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट 'स्टिरिओ', म्हणजे दोन चॅनलचं, केलेलं नसेल तर मधला चॅनल वाटेतच गळतो. गाणी दणदणतात, मारामारी दणदणते आणि माणसं बोलायला लागली की पुटपुटतात. ऑपरेटर मग आवाज आणखी वाढवतो आणि पुढचं गाणं कानठळ्या बसवतं. इलाज फुकटचा आहे. आउटपुट स्टिरिओवर आणा, बेसचे दोन्ही खोके बंद करा, मिक्सरवर १०० हर्ट्झच्या खालचा घुमणारा आवाज कापा, टॉप स्टँडवर ६-७ फूट उंच चढवा. ब्लूटूथ नकोच, त्यात आवाज ओठांच्या मागे पडतो.

ही बाब नुसती तांत्रिक नाही. 'सिनेमानं पोरं बिघडली' ही पारावरची तक्रार अगदीच खोटी नसते. पण पोरांना ऐकू काय आलं होतं तेही पाहायला हवं. ज्या भागात सिनेमा विचार करतो तोच भाग स्पीकरने खाल्लेला असतो. उरतं ते नाचणं.

'सैराट' हे याचं ठळक उदाहरण. २९ एप्रिल २०१६ला तो आला आणि त्याच्या गाण्यांनी मराठवाड्यातल्या वराती व्यापून टाकल्या. तो जिथे चित्रित झाला ते करमाळा म्हणजे मराठवाड्यातल्या परंड्याच्या शेजारचाच तालुका, त्यामुळे बोली, उसाचा फड, विहीर, सगळं घरचंच वाटलं. पण गावाने त्यातून उचललं ते 'झिंगाट'. त्याचा शेवट, जिथे आवाजच काढून घेतलेला आहे, तो वरातीत कुठे बसणार? जातीबाहेर लग्न केलेल्या लेकीचं काय होतं हे त्या शेवटात आहे, आणि ज्या मांडवात हे गाणं वाजतं त्याच मांडवात लग्न जातीतच लागलेलं असतं. सिनेमा आरसा असेलही, पण आरशात काय पाहायचं ते पाहणारा ठरवतो. म्हणून हा शेवट पॅकेजवाल्याच्या हाती सोडू नये. आवाज गेला असं समजून तो नेमका त्याच वेळी वायरी हलवायला लागतो. नावं सुरू झाली की हॅलोजन पेटवतो आणि पेनड्राइव्हवरचं गाणं लावतो. करारात एक ओळ घाला : पडदा काळा झाल्यावर एक मिनिट काहीही लावायचं नाही, उजेडही नाही.

हीच अट 'फँड्री'ला जास्तच लागू. डुक्कर धरणारं कैकाडी कुटुंब, राष्ट्रगीत लागल्यावर जागीच थांबलेली ती पळापळ, आणि शेवटी थेट बघणाऱ्याकडे आलेला दगड. त्या दगडानंतर गावात जी शांतता होते तिच्यासाठीच तर एवढा खटाटोप. मात्र हा सिनेमा देवळासमोर लावू नका. देवळाचं पटांगण सपाट असतं, वीज तिथे जवळ असते, म्हणून मंडपवाला तीच जागा सुचवतो. पण तिथे कोण मोकळेपणाने सतरंजीवर पुढे येऊन बसतं आणि कोण भिंतीला टेकून उभं राहतं, ते एकदा पाहा. जिल्हा परिषद शाळेचं मैदान त्यातल्या त्यात सगळ्यांचं. ४० बाय ६० फूट मोकळी जागा मिळाली तर माणशी ६ चौरस फूट धरून ४०० लोक बसतात.

बैठकीची मांडणी पॅकेजमध्ये नसते. सतरंज्या अंथरून ऑपरेटर मोकळा होतो. मग मधली जागा बाप्ये धरतात, आणि बाया कडेला, नाहीतर गच्च्यांवर. कडेने चित्र तिरपं दिसतं आणि गच्चीवर संवाद पोचत नाहीत. कीर्तनाची मांडणी घ्या : एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला बाप्ये, मधून वाट. त्याच वाटेवर प्रोजेक्टर ठेवा. पडद्यापासून साधारण ३० फुटांवर तो येतो, वायरीवरून चट्टी टाकली की कोणी अडखळत नाही. सप्ताहामुळे ही शिस्त गावाच्या अंगवळणी पडलेली आहे, कोणाला सांगावं लागत नाही. 'माहेरची साडी'ने १९९१मध्ये बायांना मोठ्या संख्येने थेटरात आणलं. त्या सिनेमाचं सोसणं आज खटकतं, खटकायलाच हवं. पण बाई हा प्रेक्षक आहे, हे त्याने धंद्याला दाखवलं. गावचा पडदा अजून तिथवर आलेला नाही.

आता वेळ. खुल्या जागेत रात्री १० नंतर लाउडस्पीकर चालत नाही. 'सैराट' १७४ मिनिटांचा. सातला सुरू केला तर मध्यंतर न घेता ९:५४ला संपतो, म्हणजे बोलायला सहा मिनिटं. डिसेंबरात साडेसहाला अंधार पडतो, तेव्हा तो कसाबसा बसतो. मे महिन्यात पडद्यावर काही दिसायलाच ७:४० होतात, म्हणजे तो विषयच संपला. पण डिसेंबर-जानेवारीत धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली कितीतरी गावं कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर गेलेली असतात. मागे म्हातारी माणसं आणि पोरं. कष्टकऱ्यांवरचा सिनेमा कष्टकरी गावात नसताना दाखवायचा, असा हा प्रकार. बीडच्या बाजूला म्हणूनच टोळ्या परतल्यावर, एप्रिल-मेमध्ये, पावणेदोन तासांच्या आतला सिनेमा घ्यावा. 'फँड्री' त्यात बसतो. ७:४०ला लावला तर साडेनऊच्या आत संपतो आणि अर्धा तास हातात राहतो.

निवडीबद्दल आणखी थोडं. दुष्काळ म्हटलं की भेगाळलेली जमीन आणि झाडाला लटकलेला दोर, ही मराठवाड्याची पडद्यावरची ठरलेली ओळख. बाहेरच्यांना कळवळा येतो, गावाला मात्र स्वतःची कीव पाहून कंटाळा येतो. 'पाणी' (२०२४) इथे वेगळा ठरतो. लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीची आणि हनुमंत केंद्रे यांची ती गोष्ट आहे. पाणी नाही म्हणून सोयरीक अडते, आणि पुढे पाणलोटाचं काम उभं राहतं. लग्न अडणं हे आपल्याकडे दुष्काळाचं खरं मोजमाप आहे, टँकरच्या आकड्यापेक्षा खरं. हा सिनेमा बांधबंदिस्तीची कामं पावसाआधी सुरू होणार असतील अशा गावात दाखवावा, म्हणजे बोलणं दुसऱ्या दिवशी शिवारात जातं.

सप्ताहात लावायचा तर 'संत तुकाराम' (१९३६). वय नव्वदच्या घरात, पण या पॅकेजवर तो नव्या सिनेमांपेक्षा चांगला ऐकू येतो, कारण त्याचा आवाज मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा, आहे आणि गळायला मधला चॅनलच नाही. चित्र चौकोनी, २० फुटी पडद्यावर साधारण १५ फूट रुंद येतं. दोन्ही कडा काळ्या राहू द्या. ताणून पडदा भरला तर तुकोबा आडवे फुगतात. विनोदी सिनेमाला सरसकट नाही म्हणू नका. मकरंद अनासपुरेंमुळे आपली बोली पडद्यावर ठसली, पण बोलीच विनोद झाली हेही खरं. गाव कुठे हसतं आणि कुठे हसत नाही, हे ऐकण्यासारखं असतं.

हक्कांचं काय, असं विचारलं की ऑपरेटर पेनड्राइव्ह दाखवतो. ते घेऊ नका. घरचं ओटीटीचं वर्गणी खातंही चालत नाही, ते खासगी बघण्यापुरतं असतं. शिवाय बऱ्याचदा लॅपटॉप-प्रोजेक्टरच्या जोडणीत कॉपी-संरक्षण आडवं येतं आणि आवाज चालू, चित्र काळं अशी गत होते. निर्माता किंवा वितरकाकडून लेखी परवानगी घ्या, सेन्सॉर प्रमाणपत्र कुठलं आहे ते शाळेच्या कार्यक्रमाआधी बघा, आणि लाउडस्पीकरसाठी पोलिसांकडे अर्ज द्या.

सिनेमा संपल्यावरच्या अर्ध्या तासासाठी पॅकेजमध्ये काहीच नसतं. उलट ऑपरेटर दोन मिनिटांत वायरी गुंडाळायला घेतो. हा अर्धा तास भाड्यातच ठरवून घ्या. हॅलोजन नको, एक साधा बल्ब पुरे. झगझगीत उजेडात कोणी तोंड उघडत नाही. एक बिनवायरीचा माइक आधी बायांच्या बाजूला द्या. 'यातून काय बोध घेतला' असं विचारलं की शाळेतली उत्तरं येतात. 'कोणता माणूस आपल्या गावातला वाटला' असं विचारलं की आधी हशा, मग कुजबुज, मग खरं बोलणं. सरपंच आणि गुरुजींना शेवटी बोलू द्या.

ज्यांना पॅकेज घ्यायचंच आहे त्यांनी इसार देण्याआधी दहा मिनिटांची चाचणी मागावी, अंधार पडल्यावर, त्याच मैदानात. गाणं लावू देऊ नका. दोन माणसं हळू बोलताहेत असा प्रसंग लावायला सांगा आणि बायांच्या बाजूच्या शेवटच्या सतरंजीवर जाऊन बसा.